स्वच्छ जल कायदा (अमेरिका)

स्वच्छ जल कायदा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जलप्रदूषणाचे नियमन करणारा प्रमुख संघीय कायदा आहे. १९४८ च्या मूळ कायद्यात आमूलाग्र बदल करून तो १९७२ मध्ये अस्तित्वात आला. त्याचे सध्याचे नाव १९७७ च्या दुरुस्तीनंतर रूढ झाले. नद्या, सरोवरे, काही पाणथळ जागा व किनारी समुद्र यांना तो लागू होतो. पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे.

पार्श्वभूमी

१९७२ पूर्वी जलप्रदूषण रोखण्याची जबाबदारी मुख्यत्वे राज्यांकडे होती. एकाच नदीत अनेक कारखान्यांचे सांडपाणी मिसळत असल्याने पाणी नेमके कोणामुळे बिघडले, हे सिद्ध करणे कठीण असे. २२ जून १९६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला. ही नदी पूर्वीही अनेकदा पेटली होती. मात्र या वेळी घटनेला देशभर प्रसिद्धी मिळाली. १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) स्थापन झाली. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी खर्चाच्या कारणास्तव १९७२ च्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. तो डावलून काँग्रेसने १८ ऑक्टोबर १९७२ रोजी कायदा संमत केला.

परवाना पद्धती

नळ, गटार वा चर अशा निश्चित ठिकाणाहून परवान्याविना प्रदूषके सोडणे हाच या कायद्यानुसार गुन्हा ठरतो; पाण्याची हानी झाल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. परवान्यात प्रत्येक प्रदूषकाची मर्यादा नमूद असते. बहुतेक राज्यांना परवाने देण्याचे अधिकार ईपीएने सोपविले आहेत. पाणथळ जागांत भराव घालण्याचे परवाने मुख्यत्वे लष्कराचा अभियांत्रिकी विभाग देतो.

अंमलबजावणी

परवानाधारकाने सांडपाण्याची तपासणी करून अहवाल सादर करावयाचे असतात व ते जनतेसाठी खुले असतात. त्यामुळे उल्लंघन बहुधा परवानाधारकाच्याच आकड्यांवरून उघड होते. प्रशासकीय आदेश, प्रतिदिन आकारला जाणारा दंड आणि फौजदारी खटला असे कारवाईचे मार्ग आहेत. शासन निष्क्रिय राहिल्यास ६० दिवसांची पूर्वसूचना देऊन नागरिकांनाही प्रदूषकाविरुद्ध दावा लावता येतो. मेक्सिकोच्या आखातातील २०१० च्या तेलगळतीबद्दल बीपी कंपनीने या कायद्याखाली ५.५ अब्ज डॉलर दंड मान्य केला.

मर्यादा

१९८५ पर्यंत जलाशयांत प्रदूषके सोडणे पूर्णतः थांबविण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. शेतांतून पावसासोबत वाहून येणाऱ्या खतांना परवाना लागत नाही. मिसिसिपी नदीतून अशी खते मेक्सिकोच्या आखातात पोहोचतात व तेथे दर उन्हाळ्यात प्राणवायूविरहित 'मृत क्षेत्र' निर्माण होते.

कायद्याच्या कक्षेत कोणते पाणी येते, हाही दीर्घकाळ वादाचा विषय आहे. 'सॅकेट विरुद्ध ईपीए' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निर्णय दिला, की कायम वाहत्या वा साठलेल्या पाण्याशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेल्या पाणथळ जागांनाच संघीय संरक्षण मिळेल. उर्वरित पाणथळ जागांचे रक्षण आता प्रामुख्याने त्या त्या राज्याच्या कायद्यांवर अवलंबून आहे.