समुद्राचं तापमान आणि हवामानाची मॉडेलं

हवामानाचं मॉडेल म्हणजे काय, ते आपण मागच्या वेळी पाहिलं. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला वारा, दाब, तापमान, बाष्प यांची गणितं संगणकाकडून सोडवून घ्यायची. आजचा प्रश्न असा, की या हवेच्या तळाशी जो समुद्र आहे, तो मॉडेलमध्ये कसा आणायचा? मान्सूनचा अंदाज बऱ्याच अंशी या प्रश्नावर अवलंबून आहे.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. समुद्राचं वरचं साधारण अडीच-तीन मीटर पाणी जेवढी उष्णता साठवू शकतं, तेवढीच त्याच्यावरची सगळी हवा मिळून साठवू शकते. म्हणून हवेची स्थिती थोड्या दिवसांत पार बदलते, पण समुद्रातली उष्णता महिनोन्‌महिने टिकते. चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज आपण करू धजतो, तो याच जोरावर.

ही उष्णता हवेला मिळते कशी? मुख्यतः बाष्पातून. हवा एका अंशानं तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ही दमट हवा वर चढते, थंड होते, ढग होतात आणि बाष्पातला अप्रकट उष्मा तिथे उंचावर मोकळा होतो. त्यामुळे हवा आणखी वर जाते. तिची जागा घ्यायला खालून आजूबाजूची हवा येते. वर गेलेली हवा दूर कुठेतरी खाली उतरते. जिथे उतरते, तिथे ढग धरत नाहीत. प्रशांत महासागरावरच्या अशा पूर्व-पश्चिम चक्राला ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये वॉकर अभिसरण हे नाव दिलं. हे गिल्बर्ट वॉकर म्हणजे आपल्याच हवामान खात्याचे एके काळचे प्रमुख, बरं का.

पण प्रत्येक अंशाची किंमत सारखी नसते. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की हिंदी महासागरावर पाण्याचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं, तरच मोठे ढग भरपूर प्रमाणात होतात. म्हणजे २३ चे २४ झाले तर फारसं काही घडत नाही, २७.५ चे २८.५ झाले तर चित्रच पालटतं.

आता दोन वर्षं घेऊ. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. भारतात दुष्काळाची भीती होती. पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो मध्यम. पाऊस झाला ८१ टक्के, आणि जुलैमध्ये तर जवळजवळ निम्माच. पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्याचा तो महिना.

असं का झालं? के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मॉडेल चालवून पाहिलं. प्रशांत महासागर मध्यभागी जास्त तापला, तर खाली उतरणारी हवा भारतावर येते. तापलेला भाग पूर्वेकडे पेरूच्या बाजूला असेल, तर तेवढी येत नाही. शिवाय १९९७ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग गरम आणि सुमात्राजवळचा भाग थंड होता, तेही आपल्या पथ्यावर पडलं. थोडक्यात, समुद्र किती तापला याइतकंच तो कुठे तापला हेही बघावं लागतं.

या प्रकारच्या प्रयोगात समुद्राचं तापमान आपण मॉडेलला हातात देतो. मोजलेले आकडे घ्यायचे आणि हवा काय करते ते बघायचं. प्रशांत महासागरावर हे छान जमतं. मान्सूनच्या प्रदेशात मात्र फसतं. बिन वांग, जगदीश शुक्ला आणि इतरांनी २००५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं.

कारण सांगतो. तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, की तवा थोडा निवतो. बंगालच्या उपसागरात तसंच होतं. समुद्र तापतो, ढग येतात. मग ढगांनी ऊन अडतं, वाऱ्यानं बाष्पीभवन वाढतं, आणि पाणी निवतं. म्हणजे इथे समुद्राचं तापमान बरंचसं हवाच ठरवते. आकडे हातात दिलेल्या मॉडेलमधला तवा मात्र कधी निवतच नाही. पाणी गरम दिसलं, की ते पाऊस पाडत सुटतं. खऱ्या समुद्रावर पाऊस पडतो तिथे पाणी बऱ्याचदा थंडावलेलं असतं, आणि मॉडेल नेमकं उलटं सांगतं.

उपाय एकच. समुद्राचंही गणित मांडायचं आणि दोघांना एकमेकांवर परिणाम करू द्यायचा. याला जोड-मॉडेल म्हणू. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१२ पासून मान्सून मिशनखाली असंच मॉडेल विकसित झालं, आणि हवामान खातं ते मोसमी अंदाजासाठी वापरतं. त्यात अडचणी आहेतच. समुद्राच्या गणितात अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर २८ च्या उंबरठ्यावर तीच चूक पावसाची चूक होते.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मग एल निनोची बातमी आली, की दुष्काळ पडणार असं समजायचं का?

उत्तर: नाही. दुष्काळाची शक्यता वाढली, एवढंच समजायचं. मग दोन गोष्टी विचारायच्या: पाणी नेमकं कुठे तापलंय, आणि आपला हिंदी महासागर काय म्हणतोय? १९९७ आणि २००२ मधला फरक या दोन प्रश्नांत बराचसा सापडतो.