काचेवरचे पाणी थंडीत का रुसते?

जानेवारीतील पहाट. नाशिकहून निफाडच्या रस्त्याला एक मोटार लागली आहे. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या या गाडीच्या समोरच्या काचेवर दव साचले आहे आणि त्या दवावर रस्त्याची धूळ बसते आहे. चालक वायपर फिरवतो, तर दव आणि धूळ यांचा पातळ चिखल काचभर पसरतो. रस्ता पूर्वेकडे जाणारा, त्यामुळे नुकताच उगवलेला सूर्य नेमका समोर. त्याचे किरण त्या चिखलावर पडतात आणि सारी काच दुधासारखी पांढरी दिसू लागते. चालक काचेवर पाणी उडवण्याचे बटण दाबतो. पाणी येत नाही!

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पाच सेकंद समोरचे दिसले नाही, तर ८०-८५ मीटर रस्ता आंधळेपणाने पार पडला असे समजा. तेवढ्यात पुढे उसाची बैलगाडी असली तर काय होईल, ते सांगायला नको.

पाणी का आले नाही? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात : “सर, पाणी गोठले!” उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण घाईचे आहे. नाशिक शहराचे आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान ०.६ अंश सेल्सिअस आहे आणि ते १९४५ च्या जानेवारीतील आहे. म्हणजे त्या दिवशीसुद्धा हवा शून्याच्या खाली गेली नव्हती. मग पाणी गोठले कसे? आणि गोठलेच नसेल, तर उन्हाळ्यात व्यवस्थित उडणारे पाणी नेमके थंडीतच का अडले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

आधी यंत्र पाहून घेऊ. तसे ते अगदी साधे असते. बॉनेटखाली दोन-चार लिटरची प्लॅस्टिकची टाकी असते. तिच्या बुडाशी विजेवर चालणारा छोटा पंप, पंपापासून निघालेली पेन्सिलीहून बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला बहुधा बॉनेटवरच बसवलेली तोटी. तोटीचे भोक जेमतेम एक मिलिमीटरचे किंवा त्याहूनही लहान. कित्येक गाड्यांत वाटेत एक एकमार्गी झडप असते. ती पाण्याला मागे टाकीत उतरू देत नाही. म्हणून गाडी रात्रभर उभी असतानाही पाणी तोटीच्या तोंडापर्यंत भरलेले राहते. हे तोंडाशी थांबलेले पाणी लक्षात ठेवा.

आता टाकीतील पाण्याचा हिशोब करू. टाकीत २ लिटर म्हणजे २००० ग्रॅम पाणी आहे आणि ते थंड होत होत शून्य अंशावर आले आहे असे धरा. एक ग्रॅम पाण्याचे बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडावी लागते. संपूर्ण टाकी गोठायला १,६०,००० कॅलरी बाहेर गेल्या पाहिजेत, आणि त्यासाठी भोवतालची हवा रात्रभर शून्याच्या बरीच खाली राहिली पाहिजे. नाशिकला हे घडत नाही. पण तोटीच्या तोंडाशी असलेले पाणी असते किती? समजा, ग्रॅमचा दहावा भाग. त्याला ८ कॅलरी पुरतात. बाटलीला लहानसे बूच लागले तरी सारी बाटली बंद होते, तसेच हे बर्फाचे बूच.

पण हवा दोन-तीन अंशांवर असताना एवढे तरी बर्फ कसे होणार? यासाठी नजर वर आकाशाकडे वळवावी लागेल.

प्रत्येक वस्तू सतत उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकत असते. चार अंश तापमानाला असलेल्या बॉनेटचा प्रत्येक चौरस मीटर सेकंदाला सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा अशी फेकतो. झाडाखाली किंवा छपराखाली गाडी असेल, तर झाड वा छप्परही जवळजवळ तितकीच ऊर्जा परत पाठवते आणि जमाखर्च बरोबरीत सुटतो. उघड्यावर मात्र समोर आकाश असते. रात्र निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर आकाशाकडून येणारी परतफेड बरीच कमी पडते. खर्च जास्त आणि जमा कमी. मग बॉनेट, काच, गवताचे पाते हे सारे भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतात. वारा असला तर तो या वस्तूंना हवेतील उष्णता आणून देतो आणि त्यांना वाचवतो. म्हणूनच दव आणि हिमकण शांत, निरभ्र रात्री पडतात.

आपल्याकडे ही गोष्ट शास्त्रज्ञांनी समजावून देण्याच्या कितीतरी आधीपासून कारागिरांना ठाऊक होती. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यात उथळ खड्डे खणत, त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची ताटे पसरत आणि त्यांवर मातीच्या उथळ परळांत पाणी भरून रात्रभर उघड्यावर ठेवत. पहाटे परळांत बर्फ मिळे, आणि हवा मात्र शून्याच्या वरच असे! सर रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादकडील या पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला १७७५ मध्ये कळवले. पुढे १८१४ मध्ये विल्यम वेल्स यांनी दवावर निबंध लिहून प्रारणामुळे वस्तू हवेपेक्षा थंड कशा होतात ते प्रयोगांनी दाखवले. वेल्स पेशाने डॉक्टर होते. रात्री बागेत लोकरीचे पुंजके मांडून त्यांवर किती दव पडले ते ते वजन करून पाहत असत.

इतक्या लांबचे उदाहरण नको असेल, तर महाबळेश्वरचे घ्या. वेण्णा तलाव आणि लिंगमळा या भागात हिवाळ्यातील काही पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि मोटारींच्या टपांवर दव गोठलेले आढळते. त्याच दिवशी वेधशाळेचे तापमान पाहावे, तर ते शून्याच्या कितीतरी वर! वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झरोक्यांच्या पेटीत, सावलीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो, मोटारीच्या टपाचे नव्हे. शिवाय थंड हवा जड असल्याने ती खोलगट भागात उतरून साचते. निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते आणि थंड होताना ते आपली उष्णता बागेला देते.

तर तोटी असते कुठे? आकाशाकडे तोंड करून बसलेल्या बॉनेटवर! थंडीच्या लाटेतल्या एखाद्या पहाटे तिच्या तोंडाशी बर्फाचे बूच बसणे शक्य आहे. नाशिक शहरात असे क्वचित होईल, निफाडच्या शिवारात त्याहून थोडे अधिक वेळा. बर्फाची ओळख सोपी आहे. उन्हे वर आली की ते आपोआप जाते. सकाळी सहाला बंद असलेले वॉशर दहा वाजता काहीही न करता सुरू झाले, तर बर्फाला दोष द्यायला हरकत नाही. घाई असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके तोटीवर धरावे. उकळते पाणी मात्र ओतू नये. काचेवर ते पडले तर काचेचा पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, आतला थर थंडच राहतो आणि या ओढाताणीत काच तडकू शकते.

दहा वाजले, अकरा वाजले, तरी पाणी नाही. आता काय? माझ्या मते आपल्या भागातील बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात. यात बर्फाचा संबंध नसतो, पण थंडीचा असतो.

पाणी थंड झाले की दाट होते. इथे दाट म्हणजे जड नव्हे. वाहताना त्याचे थर एकमेकांना जास्त अडवू लागतात. याला विष्यंदता म्हणतात. ३० अंशांना पाण्याची विष्यंदता ०.८० मिलिपास्कल-सेकंद असते, ५ अंशांना ती १.५२ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट! आता यात तोटीची भर घाला. बारीक नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा प्वाझय यांचा नियम. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, चौथाईही नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. तोटी आधीच अर्धी बुजलेली असते. मे महिन्यात पातळ पाणी तिच्यातून कसेबसे उडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. जानेवारीत तेच पाणी दाट झाले की फवाऱ्याचे ओघळ होतात आणि मग ओघळही थांबतात. थंडीने आजार निर्माण केला नाही, फक्त उघडकीस आणला.

तोटी बुजवते कोण? दोन गुन्हेगार आहेत. पहिला, विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. तोटीच्या तोंडाशी थेंब वाळला की क्षार मागे राहतात. रोज एक थेंब वाळला, तर वर्षभरात किती पापुद्रे चढले असतील? चहाच्या किटलीत बसतो तोच हा पांढरा थर. दुसरा गुन्हेगार आपणच टाकीत ओततो, आणि तो म्हणजे साबण. काच लवकर स्वच्छ व्हावी म्हणून पुष्कळजण कपड्यांचा साबण किंवा शांपू टाकतात. साबण जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतो आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. न्हाणीघरात बादलीच्या कडेला बसते ती साय हीच. त्यातून पाणी थंड झाले की साबणाची विद्राव्यता घटते आणि दाट द्रावण लगद्यासारखे होते. उन्हाळ्यात पारदर्शक दिसणारे साबणाचे पाणी बाटलीत भरून एक रात्र शीतकपाटात ठेवा, म्हणजे खात्री पटेल.

यावर उपाय महागाचा नाही. टाकी रिकामी करून धुवावी. नळी तोटीपासून सोडवून इंजेक्शनच्या पिचकारीने तोटीतून उलट दिशेने पाणी मारावे. क्षाराचा थर असेल तर तोटी थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. त्यातील ॲसेटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे येतात. टाचणी खुपसण्याचा मोह टाळावा. तिने भोक रुंदावले की पाणी काचेवर न पडता टपावरून मागे जाते आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याची आंघोळ होते! टाकीत पुन्हा गाळलेले, क्षाररहित पाणी भरावे. एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारे पाणी यासाठी चांगले असते.

पण तोटीला हात लावण्यापूर्वी कानाचा उपयोग करा. गाडी उभी असताना बटण दाबा आणि ऐका. पंपाची घरघर ऐकू आली, तर वीज व मोटर ठीक आहेत आणि अडथळा पाण्याच्या वाटेवर आहे : टाकी रिकामी असेल, नळी सुटली असेल किंवा तोटी बुजली असेल. आवाजच नाही, तर फ्यूज, तारा किंवा मोटर पाहा. बटण मात्र दाबून धरू नका. मोटर फिरत असते तेव्हा तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचे विद्युतचालक बल निर्माण होते आणि तेच प्रवाहाला आवरते. बर्फाने किंवा कचऱ्याने तिचे चाक अडले की हे उलट बल शून्य होते. मग १२ व्होल्टला आवरायला फक्त वेटोळ्याचा अल्प रोध उरतो, प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो आणि फ्यूज तरी जातो नाही तर मोटर. पहाटेचे साधे बर्फ दुपारपर्यंत नव्या पंपाच्या खर्चात बदलते ते असे.

आतापर्यंत आपण नाशिकपुरते बोललो. हीच गाडी टाकीत गोदावरीचे पाणी भरून जानेवारीत श्रीनगरला नेली तर? तिथे सारी टाकीच गोठू शकते. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि काठोकाठ भरलेली टाकी किंवा पंपाचे आवरण फुटते. म्हणून थंड मुलखात पाण्यात अल्कोहोल मिसळतात. फ्रेंच शास्त्रज्ञ राऊल्ट यांनी गेल्याच्या आदल्या शतकात दाखवले, की एक किलोग्रॅम पाण्यात कोणत्याही अशा पदार्थाचा एक मोल विरघळवला की गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. इथिल अल्कोहोलचा एक मोल म्हणजे ४६ ग्रॅम. उणे ५ अंशांपर्यंत संरक्षण हवे असेल, तर ५ भागिले १.८६ म्हणजे २.७ मोल, अर्थात लिटरमागे सुमारे १२४ ग्रॅम. मीठ याहून स्वस्त पडेल, पण ते पत्रा गंजवते आणि वाळल्यावर तोटीत पुन्हा खडे!

शिकागो किंवा टोरांटोला राहणारे तुमचे मामा-काका दुकानातून निळसर द्रव आणून टाकीत ओततात. त्यात बहुधा मिथिल अल्कोहोल असते. ते स्वस्त आहे, पण भयंकर विषारी आहे. पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने सर्वसामान्य ग्राहकांना विकायच्या अशा द्रवांतील त्याचे प्रमाण ०.६ टक्क्याच्या खाली आणले. तेव्हा घरी स्पिरिट आणून मिश्रणे करू नका. ते ज्वालाग्राहीही असते. थंड प्रदेशात जायचे असेल तर तयार द्रव घ्यावा, आणि तो पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

येत्या थंडीत एक प्रयोग करून पाहा. सारखे दोन स्टीलचे डबे घ्या, त्यांची झाकणे उलटी करून प्रत्येकीत दोन चमचे पाणी घाला. दोन्ही झाकणे गवतावर किंवा थर्मोकोलवर ठेवा, एक उघड्या गच्चीवर आणि दुसरे तिथेच टेबलाखाली. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असावा. पहाटे सूर्य उगवण्याआधी प्रयोगशाळेतील तापमापकाने दोन्ही पाण्यांची आणि हवेची तापमाने घ्या. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही रात्रींचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. निफाड, दिंडोरी, महाबळेश्वर अशा ठिकाणी कोणी नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडूनही त्याच रात्रीचे आकडे मागवा.