विश्रांतीचा हिशेब : शरीरातील ऊर्जेची जमा आणि खर्च

वार्षिक अहवालातील जमाखर्चाची पत्रके आपण सर्व जण आवर्जून पाहता. या वर्षी त्यांच्या जोडीला आणखी एक जमाखर्च आपणापुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. तो आहे मानवी शरीराचा.

त्याला निमित्तही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पलंगावरून उठवू लागले, की नातेवाइकांचा जीव कासावीस होतो. "अहो, त्यांच्या अंगात त्राण नाही. चार दिवस पडू द्या की! त्यापेक्षा एखादी सलाइन लावा, ताकद येईल," अशी विनवणी पुष्कळदा आमच्या कार्यालयापर्यंत येते. तिच्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. दुसरीकडे, फिजिओथेरपी विभागासाठी देणगीचे आवाहन केले की काही हितचिंतक विचारतात, "त्यापेक्षा एखादे नवे यंत्र का घेत नाही?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे : पेशी ऊर्जा कशी कमावते आणि कशी खर्च करते, यात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले, ते आमच्या परिचयाच्या भाषेत मांडत आहोत.

हातातली रोकड

आपण खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा पेशीला थेट वापरता येत नाही. तिला आधी एका विशिष्ट नाण्यात रूपांतरित करावे लागते. त्या नाण्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच 'एटीपी'. हृदयाचा ठोका असो, मज्जातंतूंतील संदेश असो वा जखम भरून येणे असो, बहुतेक सर्व कामे याच नाण्याने चालतात. एटीपीचा शोध १९२९ साली लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव हे मूळचे आंध्रातील, ही आपणा भारतीयांना अभिमानाची गोष्ट.

नवलाची बाब अशी, की ही रोकड शरीरात फारच थोडी शिल्लक असते. कोणत्याही क्षणी सर्व पेशींतील एटीपी एकत्र केले, तरी ते पाव किलोच्या वर जात नाही. पूर्ण जोर लावला तर स्नायूंतील साठा दोन-तीन सेकंदांत संपेल. तरीही काम थांबत नाही, कारण वापरलेले नाणे लगेच पुन्हा घडवले जाते. दिवसभरात अशा रीतीने घडवल्या जाणाऱ्या एटीपीचे वजन काही दहा किलोंच्या घरात जाते. भांडवल अल्प आणि उलाढाल प्रचंड, असा हा व्यवहार आहे.

ठेवी आणि तिजोरी

ही नाणी घडवण्यासाठी तीन सोयी आहेत. पहिली, फॉस्फोक्रिएटिन. ते खिशातल्या सुट्या पैशांसारखे आहे; आठ-दहा सेकंदांच्या धावपळीपुरते पुरते. दुसरी सोय म्हणजे प्राणवायूशिवाय ग्लुकोजचे विघटन. हे झटपट होते, पण एका ग्लुकोजमागे निव्वळ दोनच एटीपी पदरात पडतात. तिसरी आणि खरी किफायतशीर सोय म्हणजे पेशीतील तंतुकणिका. तेथे प्राणवायूच्या साहाय्याने त्याच ग्लुकोजपासून सुमारे तीस एटीपी मिळतात. हृदय किंवा मेंदू यांचा रक्तपुरवठा काही मिनिटेही तुटला तर अनर्थ का ओढवतो, हे यावरून ध्यानी येईल. त्यांची रोकड तेवढ्यात संपते.

मागे ठेवीही आहेत. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे चारशे ग्रॅम ग्लायकोजेन असते. ते झाले बचत खाते. चरबी ही मुदत ठेव : दर ग्रॅमला नऊ कॅलरी, पण मोडायला वेळ लागणारी. प्रथिनांची मात्र वेगळी तिजोरी शरीरात नाही. आपले स्नायू हीच ती तिजोरी. आजारपणात जेवण कमी झाले की शरीर स्नायू मोडते, त्यांतून निघालेली अमिनो आम्ले यकृताकडे पाठवते आणि त्यांपासून मेंदूसाठी ग्लुकोज तयार करते. गरजेपोटी घरातले सोने मोडावे, तसाच हा प्रकार.

पडून राहण्याचा खर्च

पडून राहिले म्हणजे खर्च थांबला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात निजलेल्या प्रौढ माणसाचे शरीरही दिवसाला साधारण बाराशे ते सोळाशे कॅलरी खर्च करते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की त्यात सुमारे दहा टक्क्यांची भर पडते. स्नायू आकुंचन पावताना एटीपी लागते, हे कोणीही समजू शकेल. पण आकुंचन पावलेला स्नायू सैल होण्यासाठीही एटीपीच लागते.

आता सलाइनचा हिशेब पाहू. पाच टक्के ग्लुकोजच्या पाचशे मिलिलिटर बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून शंभराहून कमी कॅलरी मिळतात, म्हणजे जेमतेम एका पोळीइतक्या. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये तर तेवढ्याही नाहीत, आणि प्रथिने दोहोंत मुळीच नाहीत. शरीरातील पाणी व क्षार राखण्यासाठी सलाइन अमोल आहे. पण ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

उत्पन्नाची बाजू याहून नाजूक असते. जो स्नायू वापरात नाही, त्यातील तंतुकणिका कमी होतात आणि स्नायूही आटतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. एवढ्याने त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीला पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा आढळले, की तीस वर्षांच्या वयोमानाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती. हे झाले धडधाकट तरुणांचे. अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांच्या मांडीचा एक प्रमुख स्नायू दहा दिवसांत सरासरी एक षष्ठांशाहून अधिक आटल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

या हिशेबाची आशादायक बाजूही आहे. डॅलसच्या त्या तरुणांनी सुमारे आठ आठवडे व्यायाम केल्यावर गमावलेली क्षमता भरून निघाली, किंबहुना पूर्वीपेक्षाही वाढली. स्नायूला काम मिळू लागले की पेशी नव्या तंतुकणिका उभारते.

आपणांस विनंती

रुग्णांच्या आप्तांना आमची नम्र विनंती आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला बसवतील, उभे करतील, चार पावले चालवतील. त्या वेळी "राहू द्या" म्हणण्याऐवजी आपला हात पुढे करावा. रुग्णाला धाप लागली, चक्कर आली वा छातीत दुखले, तर लगेच परिचारिकेला सांगावे. कोणत्या रुग्णाला केव्हा व किती हालचाल द्यायची, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. काहींना सक्तीची विश्रांती आवश्यकच असते. आहारतज्ज्ञांनी मूत्रपिंडाचा वा अन्य आजार पाहून सांगितलेली डाळ, दूध, दही, अंडी ही औषधाइतक्याच निष्ठेने द्यावीत.

देणगीदार व विश्वस्त मंडळींना एवढेच सांगावेसे वाटते, की शस्त्रक्रियेने रुग्ण वाचतो. परंतु तो आपल्या पायांनी घरी जाईल की चौघांच्या आधाराने, हे पुष्कळदा पलंगाशेजारी टाकलेल्या त्या पहिल्या चार पावलांवर ठरते. त्या पावलांसाठी लागतात प्रशिक्षित माणसे, एक वॉकर आणि थोडा वेळ. ताळेबंदात त्यांची रक्कम लहान दिसेल. शरीराच्या ताळेबंदात मात्र तीच मोठी जमा आहे.