उतारावरचा गुडघा

मांडीतून पाय कापावा लागला की माणूस एकाच वेळी दोन सांधे गमावतो, घोटा आणि गुडघा. घोट्याची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेल्या जयपूर फूटने ते दाखवून दिलं. अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, चिखलात उतरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. गुडघ्याचं काम मात्र अवघड. एकाच पावलात त्याला दोन उलट गोष्टी कराव्या लागतात. भार पडला की ठाम राहायचं आणि पाऊल उचललं की सैल सुटायचं. कधी ठाम आणि कधी सैल, हे ठरवायचं कुणी?

महामार्गावरच्या अपघातात माझा उजवा पाय मांडीतून गेला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या घरचा झाला. आमचं घर बिरवाडीत चढावर आहे. नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, जिथली फरशी बहुधा ओली असते. अपघाताच्या दाव्याचे अठरा लाख हाती आले आणि संगणकीय गुडघ्याचा सॉकेटसकट भाव निघाला साडेबारा लाख. धाकटी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे माहिती काढणं भाग होतं.

कृत्रिम गुडघ्यांच्या ढोबळ तीन पिढ्या सांगता येतील. पहिला कुलपाचा गुडघा. चालताना तो ताठ अडकवून ठेवायचा आणि बसताना खटका ओढून सोडवायचा. पडण्याची भीती कमी, पण पाय काठीसारखा बाजूने फिरवत न्यावा लागतो. दुसरा चार दांड्यांचा. यात वाकण्याचा मध्यबिंदू एका जागी खिळलेला नसतो, गुडघा दुमडेल तसा तो सरकतो. म्हणून टाच टेकताना गुडघा स्थिर राहतो आणि पाऊल पुढे नेताना बोटं जमिनीला घासत नाहीत. तो स्वस्तातही बनतो. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी केलेला गुडघा आणि मद्रास आयआयटीचा २०२२ मधला 'कदम' हे त्याच जातीचे. माझा पहिला पायही असाच होता.

या गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर होते. सपाटीवर शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते, त्यामुळे तो आपोआप ताठ राहतो. उतारावर ती रेषा मागे सरकते आणि गुडघा दुमडू पाहतो. तिथे त्याला रोखायला उरतात फक्त कमरेचे स्नायू. आमच्या घराची पाखाडी पावसाळ्यात शेवाळते, तेव्हा मी एकेक पायरी आडवा होऊन उतरायचो.

तिसरी पिढी संगणकीय. ओट्टोबॉक या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये सी-लेग बाजारात आणला. त्यात तेलाचा दट्ट्या असतो. गुडघा किती अंशात आहे, किती वेगाने वळतोय आणि पायावर किती ताण आहे, हे संवेदक मोजतात. सेकंदाला पन्नास वेळा. त्यानुसार छोटी मोटर तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करते. उतारावर वाट अरुंद होते, गुडघा कोसळत नाही, हळूहळू वाकतो आणि माणूस पायरीमागून पायरी उतरू शकतो. ठेच लागली तरी सावरायला अवधी मिळतो. अशा गुडघ्यांमुळे पडणं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संगणकीय म्हणजे स्वतः चालणारा नव्हे. बहुतेक संगणकीय गुडघे फक्त रोखतात, ढकलत नाहीत. जिना चढताना ताकद आपल्याच चांगल्या पायाची लागते. दुसरं म्हणजे, गुडघा कितीही महाग असो, सॉकेट नीट बसत नसेल तर तो अडगळच. पहिल्या वर्षात मांडीचा उरलेला भाग आक्रसत जातो. म्हणून सगळे पैसे सुरुवातीलाच गुडघ्यात घालू नयेत. कोकणातल्या घामात लायनर घसरतो, कातडी सोलवटते, याचाही हिशेब धरावा.

कोकणाचे आणखी प्रश्न आहेत. हा गुडघा रोज रात्री चार्जिंगला लावावा लागतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे वीज किती दिवस नव्हती, ते सर्वांना आठवतं. बॅटरी संपली की सी-लेगसारखा गुडघा ताठपणाकडे झुकतो. माणूस पडत नाही, पण पहिल्या पिढीत परत जातो. सगळी मॉडेलं पाण्यात चालत नाहीत. दुरुस्तीला पुणं गाठायचं, तर पावसाळ्यात वरंध घाट दरडींनी वारंवार बंद. मांडी घालायची तर गुडघ्याच्या वर फिरकीचा जोड वेगळा बसवावा लागतो.

मग किमतीचं गणित. हमी साधारण तीन ते सहा वर्षं. साडेबारा लाख सहा वर्षांत वाटले तरी महिन्याला सतरा हजारांवर जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोने आपला संगणकीय गुडघा जाहीर केला. वजन सुमारे १.६ किलो आणि अपेक्षित किंमत चार ते पाच लाख, आयातीला तेव्हा दहा ते साठ लाख पडत असताना. असा गुडघा तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, तर हा लेख जुना होईल. तोवर अपघाताचा दावा लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कृत्रिम पाय एकदाच घेऊन भागत नाही, तो बदलावा लागतो, दुरुस्त करावा लागतो. हा पुढचा खर्च दाव्यात आधीच मागायला हवा.

शेवटी मी तीन प्रश्न लिहून काढले. रोज किती उतार उतरतो? पडलो तर काय बुडेल? बिघडला तर किती दिवस थांबू शकेन? माझ्यासाठी उत्तरं स्पष्ट होती. दिवसाला दोनदा पाखाडी, ओली फरशी आणि पडून चांगला पाय मोडला तर नोकरीच जाणार. धाकटी म्हणाली, "बाबा, माझी फी तुमच्या पगारातून जाते. पगार उभा राहूनच मिळतो ना?" आठवडाभर चाचणीचा गुडघा उतारावर वापरून पाहिला आणि मगच पैसे भरले. जुना चार दांड्यांचा गुडघा ठेवून दिला आहे. भातखाचरात आणि वीज गेलेल्या दिवसांत तोच लावतो.

आमच्या वाडीतल्या एका आजींचा पाय मधुमेहाने गेला. त्यांचं चालणं ओटी ते मोरी एवढंच. त्यांच्या मुलाने मला विचारलं, तेव्हा मी कुलपाचा गुडघाच सुचवला. उत्तम गुडघा कोणता, याचं उत्तर किमतीच्या पाटीवर शोधू नये. माणूस दिवसभर कुठून कुठे जातो, ती वाट आधी पाहावी.