ॲबोरिजिनल मुलांचे ऐकायचे म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियातील मुलांमध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील मुले सुमारे 6 टक्के आहेत. पण आईवडिलांपासून दूर, सरकारी व्यवस्थेत वाढणाऱ्या मुलांत त्यांचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक आहे. राहायचे कुठे, भावंडे एकत्र राहतील का, आजीच्या गावी कधी जाता येईल, हे सारे त्यांच्यासाठी कचेऱ्या आणि न्यायालये ठरवतात. अशा वेळी मुलाला काय वाटते ते न विचारणे हा सरळ अन्याय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील 12 वे कलम मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा आणि त्या मताची योग्य दखल घेतली जाण्याचा हक्क देते. ऑस्ट्रेलियाने 1990 मध्ये करार स्वीकारला, तरी ॲबोरिजिनल कुटुंबांचा सरकारवरचा अविश्वास त्याहून जुना होता. विसाव्या शतकात 1970 च्या आसपासपर्यंत हजारो ॲबोरिजिनल मुले सरकारने आणि मिशनांनी घरातून उचलून नेली. 1997 च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालात त्याच्या कहाण्या नोंदल्या गेल्या. 2008 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. जिथे आजीलाच असे नेले होते, तिथे दारात आलेल्या अधिकाऱ्याशी नातवंड मोकळेपणाने कसे बोलणार?

शिवाय बोलण्याची रीतही वेगळी आहे. ‘तुला तिथे राहायला आवडेल ना?’ असे विचारले की पुष्कळदा ‘हो’ येते, आणि कागदावर संमती चढते. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले आहे की असा ‘हो’ कित्येकदा होकार नसतोच. समोरचा मोठा माणूस आहे, प्रश्नांची सरबत्ती थांबावी, एवढाच त्याचा अर्थ असतो. उत्तरापूर्वी बराच वेळ गप्प राहणे हेही त्या संभाषणात सहज असते, पण घाईतला अधिकारी ती शांतता नकार समजतो. म्हणून ॲबोरिजिनल कार्यकर्ते ‘यार्निंग’चा मार्ग धरतात: आधी कोण कुठला, कुणाचा कोण, अशी ओळख, मग गप्पा, मुद्दा निघेल तेव्हा निघेल. याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

व्हिक्टोरिया राज्याने 2013 मध्ये ॲबोरिजिनल मुलांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. देशातला तो पहिलाच. तिथल्या कूरी यूथ कौन्सिलने 2018 मध्ये कोठडीचा अनुभव घेतलेल्या मुलांचे म्हणणे ‘न्गागा-जी’ या अहवालातून पुढे आणले.

ॲलिस स्प्रिंग्जचा, अरेंटे या ॲबोरिजिनल समाजातला एक मुलगा घरी मातृभाषा आणि वैदूपण शिकत होता, शाळेत मात्र नापास ठरत होता. 2019 च्या ‘इन माय ब्लड इट रन्स’ या माहितीपटात त्याचे आयुष्य दिसते. त्याच वर्षी, 12 व्या वर्षी, तो जिनिव्हात मानवाधिकार परिषदेपुढे बोलला. शाळा ॲबोरिजिनल लोकांनी चालवाव्यात आणि दहा वर्षांच्या मुलांना तुरुंगात टाकणे थांबवावे, अशी त्याची मागणी होती. त्याच्या नॉर्दर्न टेरिटरीने 2023 मध्ये गुन्हेगारी जबाबदारीचे वय 10 वरून 12 केले; 2024 मध्ये सत्तापालटानंतर ते पुन्हा 10 करण्यात आले.