न दिसणारा धागा आणि विणकराचे उघडे घर



आईच्या किंवा आजीच्या लुगड्याचा पदर एकदा नीट निरखून बघा. कुठे ना कुठे कोवळ्या कैरीसारखी एक नक्षी सापडेल. खाली गोल, वर निमुळती आणि शेंडा एका अंगाला वाकलेला. हिला आपण कोयरी म्हणतो. आता गंमत बघा. ह्याच कोयरीला इंग्रजीत ‘पेस्ली’ म्हणतात, आणि पेस्ली हे तर एका गावाचे नाव आहे! हे गाव आहे दूर स्कॉटलंड देशात, ग्लासगो शहराच्या पश्चिमेला साधारण ११ किलोमीटरवर. आपल्या कोयरीला त्या परक्या गावाचे नाव कसे चिकटले, त्या गावातल्या विणकरांनी एका बारीकशा धाग्यासाठी काय केले आणि तिथले एक जुने विणकर-घर लोकांसाठी कसे उघडे ठेवतात, हे आज सांगतो.

मी काही पेस्लीला गेलेलो नाही. पण मी विणकराच्या घरात वाढलो. येवल्याजवळच्या आमच्या गावी वडील पैठणीच्या मागावर बसत. म्हणून पेस्लीबद्दल पुस्तकात वाचताना मला ते घर आपलेच वाटले.

शाल काश्मीरची, नाव पेस्लीचे

लडाखच्या उंच पठारावर बकऱ्या पाळतात. तिथे थंडी अशी की ह्या बकऱ्यांच्या राठ केसांखाली अतिशय मऊ लोकर उगवते. तिला पश्म म्हणतात. ह्या लोकरीच्या सुतावर काश्मीरचे कारागीर शाली विणत. कानी शालीची रीत तर फारच अवघड. रंगीत सूत गुंडाळलेल्या पुष्कळ बारीक लाकडी काड्या घ्यायच्या आणि जिथे जो रंग हवा तिथे ती काडी हाताने फिरवायची. आपल्या पैठणीचा पदर विणतानाही असेच छोट्या छोट्या कांड्यांनी रंग भरतात. म्हणजे हे दोन्ही कारागीर एकाच विद्येचे म्हणायचे. भारी कानी शाल पुरी व्हायला वर्ष लागे, कधी त्याहूनही जास्त.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या शाली विलायतेत जाऊ लागल्या. तिथल्या बायकांना त्या फार आवडल्या. पण किंमत ऐकून डोळे पांढरे व्हायचे! मग तिथल्या कारखानदारांनी नक्कल सुरू केली. आधी एडिंबरो आणि नॉर्विच ह्या शहरांत आणि १८०५ च्या सुमारास पेस्लीत. पेस्लीत आधीपासून तलम कापड विणणारे कसबी विणकर होते. त्यांनी ह्या धंद्यात असा जम बसवला की काश्मिरी कोयरीची शाल म्हणजे ‘पेस्लीची शाल’ असे लोक म्हणू लागले. पुढे शाल राहिली बाजूला, नक्षीलाच पेस्ली म्हणू लागले. नक्षी काश्मीरची आणि नाव मात्र पेस्लीला मिळाले.

मागाशेजारचा मुलगा

पेस्लीचे विणकर काश्मीरसारख्या काड्या फिरवत नसत. त्यांची रीत निराळी होती. मागावर पसरलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. नक्षी उमटवायची तर ताण्यातले ठरावीक धागे वर उचलावे लागतात आणि खालून रंगीत बाणा घालावा लागतो. हे धागे उचलण्यासाठी मागाला दोऱ्यांचे जुडगे बांधलेले असे. विणकर बैठकीवर बसून धोटा मारी आणि बाजूला उभा राहून दोऱ्या ओढायला एक मुलगा असे. त्याला ‘ड्रॉबॉय’ म्हणत.

हा मुलगा किती मोठा असेल? तुमच्याएवढाच. दिवसभर उभे राहायचे, ठरलेल्या क्रमाने दोरी ओढायची. क्रम चुकला की नक्षी बिघडली. मग शाळा कुठली न् खेळ कुठला! फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड ह्याने १८०४ मध्ये एक युक्ती काढली. भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने मागावर लावायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. हे माग पुढे पेस्लीतही आले आणि दोऱ्या ओढणाऱ्या मुलांचे काम संपले. स्कॉटलंडात १८७२ च्या कायद्याने ५ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. तुम्ही आज वर्गात बसून हे भित्तिपत्रक वाचता आहात, त्याची किंमत अशा गोष्टींवरून कळते.

विणकराचे घर कसे असे?

घर लहानच. एका अंगाला मागाची खोली, दुसऱ्या अंगाला राहायची. तिथेच चूल, तिथेच झोपणे. मागाच्या खोलीची जमीन बहुधा मातीची आणि खोली थोडी सखल असे. तुम्ही म्हणाल, गरिबी होती म्हणून मातीची जमीन. ते खरे, पण तेवढेच नाही. हवा कोरडी झाली की सूत कडक होते आणि पटापट तुटते. ओलसर मातीमुळे सूत नरम राहते. आपल्याकडचा खड्ड्याचा माग आठवा. खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराला खालून गारवा लागतो, तोच सुताच्याही कामी येतो. पण त्या ओलीत जन्म काढल्यावर सांधे धरायचे, खोकला लागायचा. सुताला मानवते ते माणसाला मानवतेच असे नाही.

पेस्लीचे विणकर वाचनाचे आणि फुलांचे शौकीन होते. ‘पिंक’ नावाची नक्षीदार पाकळ्यांची फुले ते परसात जोपासत आणि त्यासाठी त्यांची ख्याती होती. रॉबर्ट टॅनाहिल (१७७४–१८१०) हा त्यांच्यातलाच एक विणकर कवी होऊन गेला.

बारीक धाग्याची मोठी गोष्ट

आता मुख्य गोष्ट ऐका. शालीत रंगीत बाणे पुष्कळ असतात. ते सगळे नक्षीत दिसतात. पण नुसते रंगीत धागे घातले तर ते मागच्या बाजूला सैल लोंबतात आणि शाल टिकत नाही. म्हणून रंगीत धाग्यांच्या ओळींमागून एक बारीक साधा धागा घालतात. तो सगळ्यांना बांधून ठेवतो. तिकडच्या बोलीत त्याचे नाव ‘स्मा शॉट’, म्हणजे बारीक बाणा. तो वरून कुणालाच दिसत नाही. पण तो नसेल तर शाल विसकटलीच म्हणून समजा.

विणकराला मजुरी मिळे ती घातलेल्या बाण्यांच्या हिशेबाने. आणि कारखानदार म्हणत, “जो धागा दिसत नाही, त्याचे पैसे आम्ही देणार नाही.” वा रे न्याय! धागा घालायला वेळ लागतोच, हात दुखतोच. विणकरांनी हे मान्य केले नाही. चार्ल्सटन नावाच्या वस्तीतला एक ढोल वाजला की सगळे विणकर घराबाहेर पडत आणि मिरवणुकीने जात. भांडण पुष्कळ काळ चालले. अखेर १८५६ च्या जुलैमध्ये कारखानदार नमले. बारीक धाग्याचीही मजुरी मिळू लागली. तेव्हापासून जुलैचा पहिला शनिवार हा पेस्लीत ‘स्मा शॉट दिवस’ म्हणून सुटीचा झाला. मधे ही प्रथा मागे पडली होती, ती १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी ढोल वाजवत मिरवणूक काढायची आणि कारखानदाराचा पुतळा जाळायचा, अशी ही प्रथा. आपण होळीला करतो तसेच!

पण सगळ्या विणकरांना असे यश आले नाही, बरं का. ज्यांची नक्षी पेस्लीने उचलली, त्या काश्मीरच्या विणकरांवर जबर कर होते. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात त्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. शिपाई त्यांच्यावर धावून गेले आणि कित्येक विणकर प्राणाला मुकले. कोयरी बघताना त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

१८७० नंतर शालींची हौस ओसरली. बायकांच्या कपड्यांची तऱ्हा बदलली, स्वस्त छापील शाली आल्या. पेस्लीत शिवणदोऱ्याच्या मोठ्या गिरण्या निघाल्या होत्या, त्याही १९९० नंतरच्या काळात बंद झाल्या.

उघड्या घराचा दिवस

माग बंद पडले की घरे पडायला किती वेळ लागतो? जुने लाकूड चुलीत जाते, धोटा पोरांच्या खेळात हरवतो. पेस्लीतही पुष्कळ जुनी घरे गेली. पण ‘ओल्ड पेस्ली सोसायटी’ नावाची गावकऱ्यांची संस्था १९७७ मध्ये निघाली. तिने अठराव्या शतकातले एक विणकर-घर आणि त्यामागची एकोणिसाव्या शतकातली कामगारांची घरे जतन केली. त्यांना नाव दिले ‘स्मा शॉट कॉटेजेस’, म्हणजे बारीक धाग्याची घरे. त्या न दिसणाऱ्या धाग्याचे नाव आता दारावर लागले!

हे घर सांभाळतात ते स्वयंसेवक. पगार नाही की काही नाही. थंडीचे दिवस सरले की ठरावीक दिवशी दार उघडायचे, खोल्या झाडायच्या, आलेल्या माणसाला माग दाखवायचा, चूल दाखवायची, घरची केक-बिस्किटे आणि चहा विकून डागडुजीला पैसे जमवायचे, असे हे काम. शिवाय स्कॉटलंडात १९९० पासून सप्टेंबरात ‘डोअर्स ओपन डेज’ म्हणजे ‘उघड्या दारांचे दिवस’ पाळतात. एरवी बंद असणाऱ्या किंवा तिकीट लागणाऱ्या इमारती त्या दिवसांत लोकांना फुकट बघायला मिळतात. पुष्कळ ठिकाणी माहिती सांगायला गावचेच लोक उभे राहतात.

काचेच्या पेटीतली वस्तू आणि घरातली वस्तू ह्यांत फरक असतो. पेटीतला धोटा मुका असतो. घरातला धोटा कुणी हातात धरून मारला की खट् खट् आवाज येतो आणि विणकर कसा बसत असेल, उजेड कुठून येत असेल, मुलगा कुठे उभा असेल, हे न सांगता कळते.

आपल्याकडचा बारीक धागा

आमच्या घरी माग वडिलांचा म्हणत. पण कांड्या भरायची आई. तुटलेले धागे सांधायची तीच. शाळा सुटली की मी आणि बहीण रहाटाशी बसत असू. व्यापारी मजुरी द्यायचा ती एका साडीची, एका माणसाच्या हातात. कांड्यांचा हिशेब वेगळा असा कधी झालाच नाही. आईला कुणी विणकर म्हटल्याचेही मला आठवत नाही. पेस्लीची गोष्ट वाचली तेव्हा मला वाटले, आमच्या घरातला बारीक धागा आईच होती. तिच्यावाचून एक पदर पुरा झाला नसता.

म्हणून मुलांनो, दिवाळीच्या सुटीआधी आपण शाळेतर्फे एक दिवस ‘उघडे घर’ करायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी माग आहे, चालू असो की बंद, त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून माझ्याकडे नाव द्यावे. कामे अशी :

१. प्रत्येक वस्तूपाशी एक मुलगा किंवा मुलगी उभी राहील आणि तिची माहिती सांगेल. धोटा, फणी, कांडी, रहाट, ताणा, बाणा, सगळ्यांची नावे आजी जसे म्हणते तशीच लिहायची. पुस्तकातला शब्द शोधत बसायचे नाही.

२. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आधी घरच्यांना विचारून घ्यायचे. ताण्याला तर बोटही लावायचे नाही. एक धागा तुटला तरी कुणाला तरी तो सांधत बसावे लागते.

३. घरात कोण कोण काय काम करते किंवा करत असे, ते सगळे एका कागदावर लिहायचे. कांड्या कोण भरते? सूत कोण उकलते? जेवण करून पुन्हा मागाशी कोण बसते? एकही नाव गाळायचे नाही.

४. तो कागद घराच्या दारावर लावायचा. पहिली ओळ आईच्या किंवा आजीच्या नावाची.

ज्यांच्या घरी माग नाही त्यांनी हिरमुसू नये. कुंभाराचे चाक, सुताराचा रंधा, शिंप्याचे मशीन, शेतकऱ्याची पाभर, प्रत्येक कामात असा एक बारीक धागा असतो. तो तुमच्या घरी कोण, हे शोधून चार ओळी लिहून आणा. पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात त्या लावू.