पहिली दुचाकी निवडताना आधी पाय टेकतात का, ते पाहा

गोव्यात दुचाकीवाचून अडते. हमरस्त्यांवर बसगाड्या धावतात, परंतु त्या प्रत्येक वाड्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि दिवेलागणीनंतर आतल्या गावांत परतीची बस मिळेलच याची शाश्वती नसते. पणजीत नुकतीच नोकरी लागलेली मुलगी, मुलांना शिकवणीला सोडणारी आई, निवृत्तीनंतर बाजारहाट स्वतः करू पाहणारे गृहस्थ अशा अनेकांना मग कधी ना कधी दुचाकी शिकावी लागते. यांतील कित्येकांच्या मनात धास्ती असते. ही धास्ती हळूहळू ओसरते की कायमची घर करते, हे बऱ्याच अंशी पहिली गाडी कोणती घेतली यावर ठरते. परवाना आहे, गाडीही दारात उभी आहे, पण एकदा पडल्यापासून तिला हात लावलेला नाही, अशी माणसे जवळपास प्रत्येक गावात आढळतात.

गाडी घेताना घरात चर्चा होते ती किंमत, मायलेज, रंग आणि पुढे विकताना मिळणाऱ्या दराची. ‘आता घ्यायचीच आहे तर जरा मोठी घ्या, पुढे उपयोगी पडेल’ असा सल्लाही मिळतो. धास्तावलेल्या नवशिक्याने मात्र या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न विचारायला हवा: थांबलेली किंवा चालण्याच्या वेगाने जाणारी ही गाडी मला एकट्याला सांभाळता येईल का?

भीतीचे खरे ठिकाण

पुरेसा वेग घेतल्यावर फिरणारी चाके आणि पुढच्या चाकाची तिरपी बैठक यांमुळे दुचाकी आपला तोल बऱ्यापैकी स्वतःच राखते. वेग कमी होतो तेव्हा तो भार चालवणाऱ्यावर येतो. म्हणूनच नवशिका पुष्कळदा मोकळ्या रस्त्यावर पडत नाही. तो पडतो सिग्नलला थांबताना, अरुंद गल्लीत गाडी वळवताना, चढणीवर पुन्हा निघताना किंवा अंगणातील रेतीत स्टँड लावताना. अशा पडण्यात बहुधा फारशी इजा होत नाही, पण आत्मविश्वास खचतो. मागून हॉर्न वाजू लागले की हात थरथरतात आणि पुढची चूक घडते. ही साखळी तोडण्याचा सोपा उपाय म्हणजे गाडी कलू लागताच जमिनीवर भक्कम टेकणारा पाय.

उंची, रुंदी आणि वजन

माहितीपत्रकात आसनाची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. अनेक स्कूटरींची आसने 760 ते 780 मिलिमीटरच्या दरम्यान असतात. हिरो स्प्लेंडर प्लससारख्या छोट्या मोटारसायकलची उंची 785 च्या आसपास, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची 805 च्या आसपास आहे. परंतु केवळ आकड्यावर विसंबू नये. आसन रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि उंची कमी असूनही टाचा वर राहतात. आसन पुढे निमुळते असेल तर थोडी अधिक उंचीही चालून जाते. रोज वापरात असलेली पादत्राणे घालून गाडीवर बसावे. दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग एकाच वेळी भक्कम टेकला पाहिजे. टाचाही टेकल्या तर उत्तमच. फक्त अंगठे टेकत असतील, तर ती गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

वजनाचेही तसेच. होंडा अ‍ॅक्टिवा सुमारे 106 किलो, यामाहा फॅसिनो 125 सुमारे 99 किलो, स्प्लेंडर सुमारे 112 किलो, तर क्लासिक 350 सुमारे 195 किलो भरते. सरळ उभ्या गाडीचे वजन हातांना जाणवत नाही. ती कलू लागली की ते क्षणोक्षणी वाढल्यासारखे वाटते. दहा किलोंचा फरक धावत्या गाडीत कळणारही नाही, परंतु पावसात निसरड्या उतारावरून गाडी मागे ओढताना तो नेमका कळतो. घरातील धडधाकट मुलासाठी घेतलेली जड मोटारसायकल ‘आईलाही शिकता येईल’ म्हणून दाखवली जाते, तेव्हा आईचे शिकणे बहुधा तिथेच थांबते.

स्कूटर की मोटारसायकल

बिनगिअरची स्कूटर सोपी, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. गिअर नाहीत, क्लच नाही, दोन्ही ब्रेक सायकलप्रमाणे हातांत आणि पाय जमिनीवर टेकण्यास मोकळे. बाजाराची पिशवी पायांपाशी राहते, साडी किंवा सलवार असली तरी चढ-उतार सुलभ होते. मात्र स्कूटरच्या दोन खोडी आधीच माहीत असाव्यात.

पहिली खोड रेसची. स्कूटरमधील क्लच इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर आपोआप पकड घेतो. त्यामुळे मूठ थोडी पिळली तर क्षणभर काहीच होत नाही. अधिक पिळली की गाडी एकदम पुढे झेपावते. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो, मनगट खाली वळते आणि रेस आणखी वाढते. यावर उपाय म्हणजे कोपर किंचित वाकलेले व मनगट सपाट ठेवणे आणि निघताना डाव्या हाताचा ब्रेक अलगद दाबून ठेवून रेस देणे. ब्रेक हळूहळू सोडला की गाडी झेप न घेता सरकते. चिंचोळ्या जागेत वळतानाही हीच युक्ती कामी येते.

दुसरी खोड उताराची. मूठ पूर्ण सोडल्यावर वेग खूप कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा रोध संपतो. मग स्कूटर उतारावर मोकळी धावू लागते आणि सारी भिस्त ब्रेकवर येते. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून उतरताना हे सहज अनुभवता येते. चोर्ला किंवा अनमोड घाट म्हणूनच नवशिक्याने पहिल्या काही महिन्यांत टाळावेत.

मोटारसायकलमध्ये याच्या उलट आहे. डाव्या हाताने क्लच ओढला की उजव्या हाताने काहीही केले तरी चाकाला जाणारी शक्ती तुटते. ही एक सुटकेची वाट आहे आणि ज्याला रेसचीच भीती वाटते त्याने तिचा विचार जरूर करावा. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते. परंतु शिकण्याचा बोजा मोठा आहे. डावा हात क्लचवर, डावा पाय गिअरवर, उजवा पाय ब्रेकवर आणि लक्ष रस्त्यावर. चढणीवर इंजिन बंद पडले तर तोल, ब्रेक आणि क्लच हे तिन्ही एकदम सांभाळावे लागतात.

चाकांचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. स्कूटरची चाके सामान्यतः 10 किंवा 12 इंचांची, तर शंभर सीसीच्या मोटारसायकलींची 17 किंवा 18 इंचांची असतात. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, मोठे चाक त्यावरून ओलांडून जाते. ज्यांचा रोजचा रस्ता खडबडीत आहे आणि ज्यांचे पाय नीट टेकतात, त्यांना हलकी मोटारसायकल अधिक विश्वासू वाटू शकते. इतर बहुतेकांसाठी 110 सीसीच्या आसपासची हलकी स्कूटर पुरेशी ठरते. घेतलीच स्कूटर, तर पुढचे चाक 12 इंचांचे असलेली पाहावी.

ब्रेक आणि वीज

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली आणि त्याहून मोठ्या दुचाकींना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस प्रणाली बंधनकारक आहे. संयुक्त प्रणालीत स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचे चाकही काही प्रमाणात रोखले जाते. घाबरून केवळ मागचा ब्रेक दाबणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. मात्र ही प्रणाली चाक लॉक होणे थांबवत नाही, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक हळुवारच दाबावा.

विजेवरच्या स्कूटरीही आता बऱ्याच दिसतात. त्यांत क्लचची पकड बसण्याची वाट पाहावी लागत नाही. हळू चालवणे अधिक गुळगुळीत होते आणि काहींना मागे सरकण्याची सोयही असते. परंतु मोटारीची ओढ तात्काळ मिळते आणि बॅटरीमुळे काही स्कूटरी पेट्रोलच्या हलक्या स्कूटरींहून जड असतात. शिवाय आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे नवशिक्याच्या ध्यानात राहत नाही आणि उभ्या गाडीची मूठ चुकून पिळली जाते. अशी गाडी घेतल्यास सर्वांत सौम्य ‘इको’ पद्धतीतच शिकावे आणि थांबल्याबरोबर ती बंद करण्याची सवय लावावी.

नवी की वापरलेली

शिकताना गाडी एकदा तरी आडवी होणार, हे गृहीत धरावे. नव्या गाडीवर ओरखडा उमटेल ही चिंता नवशिक्याला अधिक ताठ बनवते. चार-पाच वर्षे वापरलेली, पण ब्रेक, टायर आणि दिवे सुस्थितीत असलेली स्कूटर म्हणूनच वाईट नाही. घेताना हँडल सरळ आहे का, टायरवरील नक्षी शिल्लक आहे का आणि ब्रेक सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून पाहून घ्यावे. आरसी बुक, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र तपासून गाडी आपल्या नावावर करून घेण्यात हयगय करू नये.

वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी आयएसआय चिन्ह असलेल्या आणि डोक्यावर घट्ट बसणाऱ्या हेल्मेटची करावी. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताक्षणी डोक्यावरून निघून जाते.

परवान्याचा विचार आधी

गाडीच्या निवडीशी परवान्याचाही संबंध आहे. बिनगिअरच्या दुचाकीवर चाचणी दिल्यास परवाना केवळ बिनगिअरच्या दुचाकीपुरता मिळतो. गिअरच्या दुचाकीचा परवाना असल्यास स्कूटरही चालवता येते. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. घाई न करता हा अवधी पुरेपूर सरावासाठी वापरावा. शिकाऊ काळात गाडीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील ‘एल’ अक्षर लावावे लागते. त्याची लाज वाटू देऊ नये. ते अक्षर पाहून मागचा वाहनचालक थोडे अंतर राखतो. मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही बसवता येत नाही, हा नियम नवशिक्याच्या हिताचाच आहे. मागे बसणाऱ्याचे वजन तोल पूर्णपणे बदलते.

शोरूममध्ये काय करून पाहावे

विक्रेता गाडीची वैशिष्ट्ये सांगत असतानाच पुढील पाच गोष्टी स्वतः करून पाहाव्यात.

1. गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवावेत आणि गाडी दोन्ही बाजूंना किंचित कलवून पुन्हा सरळ करावी.
2. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. ते गुडघ्यांना लागू नये आणि ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे सहज पोहोचावीत.
3. गाडीवरून उतरून ती दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकलावी.
4. गाडी डबल स्टँडवर तीनदा लावून काढावी. हातांनी उचलू नये. स्टँडच्या पायरीवर शरीराचा भार टाकला की गाडी मागे चढते. तरीही जमत नसेल तर दुसरी गाडी पाहावी.
5. शेवटी मोकळ्या जागेत, ओळखीच्या चालकाला सोबत घेऊन, चालण्याच्या वेगाने वीस-तीस मीटर चालवून थांबावे.

या पाचांत दोन ठिकाणी अडखळायला झाले तर मायलेज कितीही आकर्षक असले तरी ती गाडी नाकारावी.

पहिले दोन महिने

ज्यांना सायकल येत नाही, त्यांनी आधी आसन खाली केलेल्या सायकलीवर तोल शिकावा. त्यात गेलेला आठवडा पुढे महिना वाचवतो. दुचाकीचा सराव मोकळ्या मैदानावर सकाळी करावा आणि त्यात वेग वाढवण्यापेक्षा निघणे, थांबणे व दोन्ही बाजूंना वळणे यांवर भर द्यावा. नंतर गावातील ओळखीचा रस्ता, मग दुपारच्या निवांत वेळी शहर, असा क्रम ठेवावा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा पर्वरीचा महामार्ग शेवटी.

आपल्या रस्त्यांचे काही विशेषही ध्यानात ठेवावेत. अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही, म्हणून पर्वरीहून पणजीत येणाऱ्याने खालच्या मांडवी पुलांचा मार्ग आधी पाहून घ्यावा. रायबंदर–चोडण किंवा पणजी–बेती फेरीबोटीची लोखंडी फळी पावसात अतिशय निसरडी होते. सराव होईपर्यंत तिच्यावरून गाडी चालवत नेण्याऐवजी कोणाला तरी सोबत घेऊन ती ढकलत न्यावी. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, लाल चिखल आणि ओली पाने यांमुळे पकड कमी होते. शिकण्यास मे महिन्यात सुरुवात केली असेल तर जूनमध्ये सराव पूर्ण थांबवू नये, पण वेग आणि अंतर निम्म्यावर आणावे.

धास्तावलेला माणूस दुचाकी चालवण्यास अपात्र असतो, असा समज आपल्याकडे आहे. तो उतारावर वेग कमी ठेवतो, वळणाआधी हॉर्न वाजवतो, पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. या सवयी निर्धास्त चालकांनी त्याच्याकडून घ्याव्यात अशा आहेत. त्याला हवी असते ती फक्त हाताखाली ऐकणारी गाडी. सहा महिन्यांनी तीच गाडी लहान वाटू लागली तर ती विकून दुसरी घेता येते. न पेलणारी गाडी घेऊन ती अंगणात झाकून ठेवली, तर मात्र बसची वाट पाहणे किंवा घरातल्या कोणीतरी सोडण्याची वाट पाहणे, एवढेच हाती उरते.